डी. एन. रोडच्या कमानींखालची दुकाने

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून हुतात्मा चौकाकडे कचेरीत जाणाऱ्या माणसाला जुलैच्या पावसात छत्री उघडावी लागते ती मुख्यतः आडव्या गल्ल्या ओलांडण्यापुरती. बाकीचा बराचसा रस्ता दुकानांपुढच्या कमानींखालून न भिजता पार होतो. दादाभाई नौरोजी मार्गावरच्या या दुकानांच्या रांगेचे परीक्षण करायचे तर सुरुवात या आडोशापासूनच करायला हवी, कारण माझ्या मते तिचे वारसामूल्य कुठल्या एका इमारतीत नसून इमारतींना एकमेकींशी जोडणाऱ्या या पडवीत आहे.

हा पूर्वीचा हॉर्नबी रोड; अठराव्या शतकातील गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांचे नाव त्याला दिलेले होते. १८६० च्या दशकात, बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत, किल्ल्याची तटबंदी पाडली गेली आणि रुंद रस्त्यांना व मोठ्या इमारतींना जागा मिळाली. पुढे १८९६ च्या नियमाने येथील इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानदार वाट ठेवणे बंधनकारक झाले. मालकाने वरचे मजले आपल्या पसंतीने सजवावेत, मात्र खालून लोकांना जाऊ द्यावे, असा हा सरळ व्यवहार होता. त्यामुळे वर मान करून पाहिले तर एका इमारतीला गॉथिक धाटणीच्या टोकदार कमानी, शेजारचीला अभिजात युरोपीय पद्धतीचे खांब आणि आणखी पुढे इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय-इस्लामी व युरोपीय शैलींच्या मिश्रणाचा, थाट, असे कशाचा कशाला मेळ नसलेले दृश्य दिसते. चालणाऱ्याला मात्र ही सारी एकच रांग वाटते. आजचे काचेचे मनोरे बांधणाऱ्यांनी त्यांना आवारभिंत घालण्यापूर्वी एकदा येथे येऊन जावे.

पाट्या हे या रस्त्याचे जुने दुखणे आहे. एकावर एक ठोकलेल्या फलकांखाली खांबांची शीर्षे आणि कोरीवकाम दिसेनासे झाले होते. १९९५ मध्ये मुंबईची वारसा नियमावली लागू झाली, तीत हा रस्ता दुसऱ्या ‘अ’ श्रेणीत आला, आणि पाटी कमानीच्या आकारात बसावी, तिने दगड झाकू नये, असे निकष वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांच्या पुढाकाराने ठरले. दुकानदारांना सोबत घेऊन झालेल्या या कामाची दखल युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत २००४ मध्ये घेतली गेली. त्याच वर्षी टर्मिनसची इमारत जागतिक वारसा यादीत गेली. स्थानकापुढे छायाचित्रे काढणाऱ्यांची आजही रीघ असते. पाट्यांची ही हकिगत मात्र रोज त्यांच्याखालून जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते.

निकष ठरले तरी ते दाराच्या आत पोहोचत नाहीत. मागच्या महिन्यात घड्याळाचा पट्टा बदलण्यासाठी येथल्या एका दुकानात गेलो होतो. एसीच्या दुरुस्तीसाठी फॉल्स सीलिंगचा एक चौकोन काढून ठेवलेला होता आणि त्या भोकातून जुन्या लाकडी तुळया व एका कमानीचा वरचा अर्धा भाग दिसत होता. कमानीच्या ऐन माथ्यावर वायरींचे जुडगे खिळ्याने ठोकलेले. पट्टा चोख बसवून मिळाला, दामही वाजवी होते. कमानीविषयी विचारले तेव्हा गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले, “ते जुनंच आहे हो, पाडता येत नाही.” पाडता येत नाही म्हणून टिकलेला आणि आवडतो म्हणून जपलेला वारसा यांतला फरक त्या चौकोनात स्पष्ट दिसत होता.

फेरीवाल्यांवर सरसकट खापर फोडणे मला पटत नाही. मोजे, चार्जर आणि चष्मे विकणाऱ्या या लोकांमुळे कमानींखाली वर्दळ टिकून आहे, आणि ज्याला दुकानाची पायरी चढणे परवडत नाही असे गिऱ्हाईकही येथे येते. आक्षेप आहे तो मालाच्या पेट्या खांबांच्या तळाशी साखळीने बांधण्याला, कारण त्या साखळ्यांनी दगडाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्या आहेत. शिवाय ही रांग निव्वळ साहेबाच्या बाजारहाटाची खूण म्हणून पाहणेही अपुरे ठरेल: बाबासाहेब आंबेडकरांनी स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे सिद्धार्थ महाविद्यालय याच रस्त्यावरच्या आनंद भवनात आहे, आणि तिथे शिकायला आलेली मुले याच कमानींखालून ये-जा करीत आली आहेत.

खरेदी करायची असल्यास कामाच्या दिवशी दुपारी जावे. इमारती पाहायच्या असल्यास रविवारची सकाळ बरी. बहुतेक शटर खाली असतात, फेरीवाले तुरळक असतात, आणि हुतात्मा चौकाच्या टोकाला बसलेल्या दादाभाईंच्या पुतळ्यापर्यंत सावकाश चालता येते. वयस्कर माणूस सोबत असेल तर त्याचा हात धरावा: प्रत्येक इमारतीचे जोते निराळ्या उंचीचे आहे, एकीची हद्द संपून दुसरीची सुरू होते तिथे दोन-तीन इंचांची पायरी अवचित लागते, आणि सावलीत ती दिसत नाही. मी स्वतः तिथे दोनदा ठेचकाळलो आहे.