सोलापुरात राहून इलेक्ट्रॉनिक्सचे पार्ट्स जमवताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

ज्या प्रोजेक्टपायी एवढी खरेदी झाली तो आधी सांगतो. गच्चीवरची टाकी आणि खालचा हौद, दोन्हींची पातळी मोबाइलवर दिसावी आणि मोटर आपोआप चालू-बंद व्हावी. सोलापुरात नळाला रोज पाणी नसतं. पाणी सुटेल त्या रात्री घरातल्या कुणीतरी जागायचं, ते बंद करायचं होतं. बोर्ड ईएसपी३२ (वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर), पाण्यात भिजला तरी चालेल असा अल्ट्रासॉनिक सेन्सर (आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा), एक रिले (मोटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रिक स्विच) आणि पॉवर सप्लाय, एवढाच पसारा. उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही काढून झाल्यावर लिहितोय, कारण पार्सल आलं त्या दिवशी सगळंच छान वाटतं.

सगळं एकाच ठिकाणी घ्यायचा हट्ट सोडा. आपल्या गावातली दुकानं टीव्ही, ॲम्प्लिफायर, इन्व्हर्टर दुरुस्त करणाऱ्यांवर चालतात, त्यामुळे त्यांच्याकडे जे आहे ते खरंच भरपूर आहे: रेझिस्टर, ४००७ डायोड, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर, ७८०५ (५ व्होल्ट देणारा रेग्युलेटर), रिले, ट्रान्सफॉर्मर, हीटश्रिंक, वायर. दोन रेझिस्टरसाठी ऑनलाइन ऑर्डर टाकली तर मालापेक्षा कुरिअर महाग पडतं. शिवाय जळका पार्ट हातात घेऊन गेलं की काउंटरवरचा माणूस नंबर न वाचता पर्यायी पार्ट काढून देतो. ही सोय कुठल्याच ॲपवर नाही.

कपॅसिटर घेताना मात्र अडून बसा. मी १०५ डिग्रीचा (म्हणजे तेवढं तापमान सोसणारा) मागितला तर उत्तर आलं, "पंच्याऐंशीचा बी चालतोय की ओ, समदे हेच नेत्यात." घरात पंख्याखाली असलेल्या रेडिओत चालेलही. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, आणि गच्चीवरच्या बंद पेटीतलं तापमान त्याहून बरंच चढतं. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ हिशेब असा की १० डिग्री कमी झाले की आयुष्य साधारण दुप्पट, वाढले की निम्मं. दोन्हींच्या किमतीतला फरक चहाच्या कपाएवढाही नाही. तापमान बाहेरच्या वेष्टनावर छापलेलं असतं, तिथेच उभं राहून वाचून घ्या.

त्याच उन्हामुळे ७८०५ बाद केला. १२ व्होल्ट देऊन ५ व्होल्टवर अर्धा ॲम्पिअर घेतला तर साडेतीन वॅट नुसती उष्णता होते; हीटसिंक नसेल तर तो स्वतःच बंद पडतो. त्याजागी एलएम २५९६ चं बक मॉड्यूल (फार न तापता व्होल्टेज उतरवणारं) लावलं. त्यावर ३ ॲम्पिअर लिहिलेलं असतं, पण स्वस्तातल्या मॉड्यूलवर मी त्याच्या निम्म्यापुढे जात नाही. आणि लोड जोडण्याआधी मीटर लावून व्होल्टेज सेट करा. वरचा निळा प्रीसेट (व्होल्टेज बदलायचा स्क्रू) बरेच वेढे फिरवला तरी सुरुवातीला आकडा हलत नाही, पण म्हणून मॉड्यूल खराब आहे असं नाही.

मॉड्यूल आणि सेन्सर ऑनलाइनच घ्यावे लागतात, आणि खरी गंमत तिथे आहे. ज्या साइटवर चपलेपासून मिक्सरपर्यंत सगळं मिळतं, तिथल्या एका विक्रेत्याकडून बीएमई२८० सेन्सर मागवला. तापमान, दाब आणि आर्द्रता तिन्ही देतो म्हणून. आला तो बीएमपी२८०, ज्यात आर्द्रता नसतेच. बोर्ड सारखाच आणि छपाईही दोन्ही नावांची, त्यामुळे फोटोवरून काही कळत नाही. भिंगाखाली मात्र फरक दिसतो: बीएमईचं धातूचं झाकण चौरस असतं, बीएमपीचं जरा लांबट. खात्री हवी तर प्रोग्रॅममधून चिपचा आयडी वाचा. हेक्समध्ये ६० आला तर बीएमई, ५८ आला तर बीएमपी. पैसे परत मिळाले, पण विक्रेत्याला पटवण्यात एक रविवार गेला. तेव्हापासून फक्त इलेक्ट्रॉनिक्सच विकणाऱ्या भारतीय साइटवरून घेतो. दर थोडा जास्त, पण जीएसटीचं बिल येतं आणि तक्रार केली तर पलीकडच्याला प्रश्न तरी कळतो.

अल्ट्रासॉनिक सेन्सरबद्दल दोन गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. जेएसएन-एसआर०४टी या मॉडेलला साधारण २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की तो वाट्टेल ते आकडे देतो आणि नेमकी तेव्हाच मोटर बंद व्हायला हवी असते. मी झाकणावर पाइपचा तुकडा बसवून सेन्सर तेवढा वर घेतला. दुसरी गोष्ट, ५ व्होल्टवर चालवला तर इको पिनही (सेन्सर जिच्यावर उत्तर देतो ती) ५ व्होल्टची आणि ईएसपी३२ ची सहनशक्ती ३.३ ची. एक किलो-ओहम (इकोकडे) आणि दोन किलो-ओहम (ग्राउंडकडे) अशा दोन रेझिस्टरचा व्होल्टेज उतरवणारा डिव्हायडर लावा.

जम्पर वायरला चुंबक लावून बघा. चिकटली तर आत तांबं नाही, पोलाद आहे. सोल्डर वायर ६३/३७ ची (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं), नावाजलेल्या कंपनीची घ्या. ती १८३ डिग्रीला वितळते. सुटी, बिननावाची मिळते तिचे जॉइंट राखाडी आणि खरबरीत होतात. मोठा ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जुळवायची पाटी) असेल तर कडेची लाल-निळी पट्टी कधीकधी मध्ये तुटलेली असते, मीटरने एकदा बघून घ्या.

पुण्याला काम निघालं तर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली चुकवू नये. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पेट्या, कनेक्टर, ग्लँड (पेटीत वायर शिरते तिथलं सील) या हात लावून घ्यायच्या वस्तू. नुसत्या पार्ट्ससाठी जाणं मात्र परवडत नाही.

१८६५० सेलबद्दल (पॉवरबँकमध्ये असतो तो गोल लिथियम सेल) स्पष्ट सांगतो: ९९०० एमएएच लिहिलेला सेल खोटा. या आकाराच्या बहुतेक चांगल्या सेलची क्षमता ३५०० च्या आसपास संपते. अस्सल सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आगेमागे भरतं, पुष्कळ नकली सेल त्याहून कितीतरी हलके असतात. गच्चीच्या उन्हात तर अस्सल लिथियम सेलही नको. मी त्याऐवजी १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी जिन्याखाली ठेवून वर फक्त वायर नेली. ती गावातच इन्व्हर्टरवाल्याकडे मिळते, आणि जुनी दिली की थोडे पैसे कमी करतो.