बोटीआधीची मुंबई : दिवसभराची गाडी करावी की बेस्टनं फिरावं?

आमच्या लेआउटमधले एक काका पुढच्या महिन्यात सहकुटुंब क्रूझवर चाललेत. परवा संध्याकाळी फाटकाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "तू दोनदा जाऊन आला ना, मंग सांग. दुरांतो सकाळीच सीएसएमटीला सोडते, बोटीवर दुपारी घेतात. मधल्या वेळात मुंबई पाहून घ्यायची तर गाडी करून टाकू का दिवसभराची?"

दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. पहिल्या खेपेला मी गाडी केली होती आणि दुसऱ्या खेपेला, म्हणजे यंदाच्या जानेवारीत, बेस्टची बस आणि मेट्रो धरली. म्हणून जरा सविस्तर लिहितो. बोट कोणती, केबिन कोणती, हे तुम्ही ठरवलंच असेल. प्रश्न फक्त त्या मधल्या चार-पाच तासांचा आहे.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या, कारण नागपूरहून जाणाऱ्याला ती चटकन कळत नाही. आपली गाडी सीएसएमटीला लागते आणि बोट लागते बॅलार्ड पिअरला, ग्रीन गेटच्या आत. दोन्हींत अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटर. कधीकाळी बोटीच्या प्रवाशांसाठी रेल्वे थेट बॅलार्ड पिअरच्या धक्क्यापर्यंत जायची. ती सोय केव्हाच गेली, पण जागा तर तीच आहे. म्हणजे तुम्ही मुंबईत उतरता तेव्हाच बोटीच्या दाराशी आलेले असता. गेटवे, म्युझियम, हुतात्मा चौक, मरीन ड्राइव्ह, सगळं त्याच टापूत. विमानानं येणाऱ्यांचं गणित वेगळं. ते अंधेरीहून निघतात, त्यांना गाडी लागणारच.

दुसरं म्हणजे तिथे ऑटो नाही. आपल्याकडे हात दाखवला की ऑटो थांबतो. दक्षिण मुंबईत ऑटोला परवानगीच नाही, काळी-पिवळी टॅक्सी किंवा मोबाइलवरून मागवायची गाडी, एवढंच.

तर पहिली खेप. मी, बायको, पोरगा आणि आई. चार मोठ्या बॅगा, एक पिशवी आणि आईचा डबा, कारण बोटीवरचं जेवण मिळेपर्यंत पोटात काही नको का. "आठ तास, ऐंशी किलोमीटर" असं पॅकेज नागपुरातूनच ठरवलं होतं. साडेतीन हजार, पार्किंग आणि टोल वेगळा. ड्रायव्हर वेळेवर आला, बॅगा डिकीत गेल्या, एसी सुरू झाला. पहिले तीन तास मी स्वतःवर खूश होतो. सिद्धिविनायक झालं. वांद्रे-वरळी सी लिंकवरून गेलो तेव्हा आई काचेला नाक लावून बसली होती. हाजी अली लांबून पाहिलं. एवढं बसनं त्या वेळात झालंच नसतं, हे मोकळेपणानं मान्य करतो. ज्यांना सी लिंक पाहायचाच आहे त्यांनी इथेच वाचणं थांबवून गाडी ठरवावी.

मग आलं गेटवे.

ड्रायव्हरनं आम्हाला अलीकडेच उतरवलं. "इथे उभं राहू देत नाहीत सर, झालं की फोन करा." गेटवे पाहिलं, ताजसमोर फोटो झाले, कबुतरं उडवून झाली. पाऊण तासात आमचं आटोपलं. साडेबारा वाजले होते आणि बोर्डिंग एक ते तीन. फोन लावला. "सर, हवालदारानं हाकललं, एक राउंड मारून येतो." पंधरा मिनिटं गेली. पुन्हा फोन. "सर, तुम्ही रीगल सिनेमासमोर या." आईचा गुडघा सांभाळत रीगलपर्यंत गेलो. तिथून फोन, तर "सर, मी तर रेडिओ क्लबच्या बाजूला आलो, तुम्ही तिथेच होते ना?" म्हणजे आम्ही त्याच्या मागे आणि तो आमच्या मागे. भर उन्हात चौकात उभे, चहूबाजूंनी हॉर्न, आणि प्रत्येक पांढऱ्या गाडीकडे पाहून पोरगा ओरडतोय, "बाबा, हीच!"

त्यातच आईची ब्लडप्रेशरची गोळी आठवली. ती निळ्या बॅगेत, बॅग डिकीत. आधार कार्डं, बोर्डिंगचे कागद, सगळं त्याच बॅगेत. आणि बॅग मुंबईत फिरते आहे, आमच्याविना.

आई शांतपणे म्हणाली, "काहून रे, गाडी आपणच केली ना? मंग आपण उभे अन् गाडी फिरून राहिली!"

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला. ड्रायव्हर वाईट नव्हता. त्या रस्त्यांवर थांबायला जागाच नाही, त्यानं तरी काय करावं? नंतर आठवलं, मरीन ड्राइव्हलाही हेच झालं होतं, फक्त तिथे घाई नव्हती म्हणून जाणवलं नाही. पन्नास मिनिटांनी गाडी सापडली. ग्रीन गेटला दोनच्या सुमारास पोचलो, बोट चुकली वगैरे काही नाही. पण गाडी घ्यायचं आपलं मुख्य कारण काय असतं? सामान. सामान डिकीत सुरक्षित राहील आणि आपण मोकळे फिरू. झालं उलटं. सामान त्या गाडीत असल्यामुळेच आम्ही तिच्याशी बांधले गेलो. नुसती सवारी असती तर त्याला पैसे देऊन मोकळं केलं असतं आणि समोरची काळी-पिवळी धरली असती.

दुसऱ्या खेपेला साडभाऊंचं कुटुंब सोबत होतं. आई नव्हती, हेही सांगून ठेवतो, म्हणजे तुलना पुरती सारखी नाही. या वेळी दुरांतोतून उतरल्यावर थेट स्टेशनच्या क्लोकरूमकडे गेलो. तिकीट दाखवावं लागतं आणि प्रत्येक बॅगेला कुलूप हवं. साडूंच्या एका बॅगेला नव्हतं. ते बाहेर जाऊन कुलूप घेऊन आले, तोवर रांग आणखी वाढली. अर्धा तास तिथेच गेला. तेव्हा नागपुरातूनच कुलपं लावून निघा. गोळ्या आणि कागद खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. पावती शर्टाच्या खिशात.

आणि मग जे हातपाय मोकळे झाले!

स्टेशनाबाहेर ११५ क्रमांकाची बस मिळते. एसी, विजेवर चालणारी, दुमजली. जुन्या लाल डबलडेकर २०२३च्या सप्टेंबरात कायमच्या गेल्या, त्याच वर्षी या नव्या रस्त्यावर आल्या होत्या. सीएसएमटीहून निघून ती नरिमन पॉइंटच्या टोकाला एनसीपीए नाट्यगृहापर्यंत जाते. तिकीट बारा रुपये. पोरं धावतच वर गेली आणि अगदी समोरची बाकं पकडली. कंडक्टर मागून जिना चढून आला, तिकिटाचं मशीन दाखवत म्हणाला, "घाई नको, वरून पडाल." गाडीच्या खिडकीतून फोर्टातल्या इमारतींचा तळमजलाच दिसतो, म्हणजे दुकानांच्या पाट्या आणि फेरीवाले. दुमजलीतून मात्र तुम्ही त्यांच्या पहिल्या मजल्याच्या उंचीवर असता. कोरलेल्या कमानी, दगडी चेहरे, जाळीदार गॅलऱ्या थेट डोळ्यांसमोरून सरकतात. सीएसएमटीची इमारत तर स्टीव्हन्स या इंग्रज वास्तुविशारद साहेबानं बांधली, २००४पासून जागतिक वारसा आहे, पण तिच्यासमोरची महापालिकेची इमारतही त्याचीच, हे मला वरच्या मजल्यावर बसूनच पहिल्यांदा जाणवलं. दोघींचा घाट एकाच हातचा दिसतो.

एनसीपीएला उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्याकडेनं निवांत चालत चर्चगेटकडे आलो. कोणाला फोन करायचा नव्हता. चालण्याचं म्हणाल तर बर्डीवर, म्हणजे नागपुरातल्याच बाजारात, जायलाही गाडी काढणारे आपण लोक, पण समुद्राकडेनं चालताना कोणी कुरकुरलं नाही. ऊन मात्र जपून. आपलं ऊन कोरडं, तिथलं जानेवारीतही चिकट. वाटेत ओव्हल मैदान लागलं. एका अंगाला हायकोर्ट आणि विद्यापीठाच्या गॉथिक इमारती, दुसऱ्या अंगाला गोलाकार गॅलऱ्यांची आर्ट डेको घरं, आणि मधे पोरं क्रिकेट खेळताहेत. २०१८मध्ये युनेस्कोनं हा सगळा परिसर वारशात घेतला. गाडीतून आम्ही याच रस्त्यानं गेलो असणार, पण मला काहीच आठवत नाही.

चर्चगेटहून नवी भुयारी मेट्रो धरून सिद्धिविनायक केलं. स्टेशनाचं नावच सिद्धिविनायक, त्यामुळे चुकायला जागा नाही. ही मेट्रो ऑक्टोबर २०२५पासून कफ परेडपर्यंत पूर्ण धावते. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधानभवन सगळं तिच्यावर आहे. (विधानभवन स्टेशन पाहून साडू म्हणाले, "आपल्याकडंही आहे, पण डिसेंबरातच उघडते.") वेळेला पक्की, गारेगार, स्वच्छ. पण दिसत काहीच नाही. आपली मेट्रो पुलावरून जाते, सुभाषनगरपाशी अंबाझरी तलाव दिसतो, म्हणून फुकट सहल झाल्यासारखं वाटतं. तिथे नुसती काळी भिंत. तेव्हा पोचायचं असेल तर मेट्रो आणि पाहायचं असेल तर बस, असं मी मनाशी धरलं.

लोकलबद्दल फार लिहीत नाही. पोरांच्या हट्टाखातर अकरानंतर चर्चगेटहून चर्नी रोडपर्यंत एकदा बसलो. मरीन लाइन्सच्या पुढे डाव्या हाताला समुद्राची झलक मिळते, त्यांची हौस फिटली. सकाळच्या गर्दीत, बॅगांसह, हा खेळ करू नका. रविवार असेल तर मेगाब्लॉकही, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद आहेत का तेही, पाहून घ्या.

आता बसची बाजू घेतोय म्हणून तिच्या खोडी झाकायला नकोत. हुतात्मा चौकाहून गेटवेकडे जायला आम्ही थांब्यावर तब्बल पंचवीस मिनिटं उभे होतो. नागपूरच्या 'आपली बस'ची वाट पाहिलेल्या माणसाला त्यात नवल नाही, पण बायकोनं भुवई उंचावून विचारलंच, "मग गाडीत आणि यात फरक काय?" मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. फरक हा, की कंटाळून आम्ही सरळ चालत निघालो. म्युझियमच्या बागेसमोरून रमतगमत गेलो आणि पंधरा-वीस मिनिटांत पोचलो. बस सोडून देता येते. स्वतःच्या बॅगा घेऊन फिरणारी गाडी सोडून देता येत नाही.

शेवटच्या टप्प्याला मात्र बस नकोच. एकच्या सुमारास परत येऊन क्लोकरूममधून सामान काढलं आणि काळी-पिवळ्या पाहायला लागलो. ग्रीन गेट म्हटलं की ड्रायव्हर तोंड फिरवतात, कारण भाडं जवळचं. मीटर सुरू होतो एकतीस रुपयांवर आणि तिथेच जवळजवळ संपतो. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्याला मी आधीच सांगितलं, मीटरवर पन्नास वरून देतो, दोन टॅक्सी हव्यात. त्यानं लगेच शेजारच्याला हाक मारली. दीडला आम्ही गेटवर. दिवसभराचा सगळ्यांचा खर्च, क्लोकरूम आणि या दोन टॅक्स्या धरून, गाडीच्या पॅकेजच्या निम्म्याहून बराच खाली राहिला. पण खरं सांगतो, पैशासाठी मी बसकडे वळलो नाही. बोटीच्या तिकिटाला एवढे पैसे मोजल्यावर गाडीचे साडेतीन हजार कोण पाहतो?

एक मोह दोन्ही प्रकारांत टाळा, तो म्हणजे घारापुरी. गेटवेवरून लाँच दिसते, लेणी अप्रतिम आहेत, पण एकीकडचाच प्रवास तासाभराचा. बोट पकडायच्या दिवशी दुसऱ्या बोटीवर भरवसा ठेवू नये. परतीच्या दिवशी करा, सोमवार सोडून.

कोणाबरोबर चाललात यावरही बरंच आहे. गुडघे दुखणारी आई-वडील मंडळी असतील, किंवा कडेवरचं लेकरू असेल, तर थांब्यावर उभं राहणं आणि दुमजलीचा जिना चढणं त्यांना सांगू नये. माझी आई पुन्हा आली तर मीही बहुधा गाडीच करेन, पण सामान क्लोकरूममध्ये टाकून, आणि दिवसभराची नाही, लागेल तेव्हा काळी-पिवळी. चालते माणसं असाल तर मात्र मला तरी गाडीचं काही कारण दिसत नाही.

हे सगळं काकांना सांगून झालं. त्यांनी मन लावून ऐकलं, दोनदा "बरोबर हाय" म्हणाले. काल कळलं, त्यांनी गाडीच ठरवली, काकूंना सी लिंक पाहायचा आहे. मग सकाळी जाऊन एवढंच सांगून आलो, की ड्रायव्हरचा नंबर दोघांच्याही मोबाइलमध्ये घालून ठेवा आणि गोळ्या डिकीत टाकू नका.