सिमेंटमध्ये औषध किती? कायमचा सांधा आणि तात्पुरता स्पेसर

गुडघ्याचा किंवा खुब्याचा कृत्रिम सांधा कायमचा बसवताना बोन सिमेंटच्या (सांधा हाडात पक्का बसवणाऱ्या सिमेंटच्या) ४० ग्रॅम पावडरीत साधारण १ ग्रॅम अँटिबायोटिक पुरतं. एवढ्यानं मजबुती फारशी घटत नाही. दाब सोसण्याची ७० मेगापास्कलची किमान अट पाळली जाते.

संसर्ग झालेला सांधा काढून त्या जागी तात्पुरत्या बसवलेल्या सिमेंटच्या ठोकळ्यात, म्हणजे स्पेसरमध्ये मात्र तेवढ्याच पावडरीत ३.६ ग्रॅम किंवा त्याहूनही जास्त घालतात. औषध झिरपून गेलं की बारीक छिद्रं उरतात, सिमेंट कमकुवत होतं. पण ते पुढे काढायचंच असतं. पायावर भार जपून टाकला की झालं. इथे मजबुतीपेक्षा जंतू मारणं मोठं, असं माझं मत.

द्रवरूप औषध मात्र दोन्हीकडे नकोच. त्यानं मजबुती फार घसरते. पावडरही जेंटामायसिन, व्हँकोमायसिनसारखी उष्णता सोसणारी हवी, कारण घट्ट होताना सिमेंट चांगलंच तापतं.