सर्न ओपन डेटा पोर्टल: दीर्घायुषी कण शोधायला कोणती फाइल घ्यावी?

4 जीबी रॅमचा कॉम्प्युटर, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरचं नेट आणि मधेच जाणारी लाइन. विदर्भातल्या तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या प्रोजेक्टला एवढंच हाताशी असतं. तेवढ्यावरही जिनिव्याजवळच्या सर्न प्रयोगशाळेतल्या सीएमएस डिटेक्टरचा, म्हणजे कणांच्या टकरी टिपणाऱ्या यंत्राचा, खरा डेटा सर्नच्या ओपन डेटा पोर्टलवरून घरबसल्या तपासता येतो. लॉगिन नाही, पैसे नाहीत. 2014 पासून सुरू असलेली ही सेवा आम्हाला मनापासून आवडते. फक्त फाइल चुकली की सगळं मुसळ केरात.

बहुतेक जण 2012 ची दोन मूऑनवाली (मूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) छोटी फाइल उतरवतात: साधारण 2 जीबी, 6 कोटींवर घटना, म्हणजे टकरींच्या नोंदी. दोन मूऑनमध्ये फुटणाऱ्या झेड बोसॉन या कणाचं शिखर आलेखात काढायला ती झकास. पण तिच्यात मूऑनचा संवेग, दिशा, वस्तुमान आणि प्रभार एवढंच आहे. दीर्घायुषी कण टकरीच्या जागेपासून दूर जाऊन फुटतो, म्हणून त्यातून निघालेल्या मूऑनचा माग मागे वाढवला तर तो मूळ बिंदूला चुकवून जातो. आडव्या प्रतलातलं हे अंतर म्हणजे 'डीएक्सवाय', आणि नेमका तोच रकाना इथे नाही! तो हवा तर पोर्टलवरच्या हिग्ज ते टाऊ-टाऊ (हिग्ज कण फुटून दोन टाऊ कण) या उदाहरणाच्या फाइली घ्या. त्यांत डीएक्सवाय आणि त्याची त्रुटी (मोजमापातली अनिश्चितता), दोन्ही मिळतात.

अंतराला त्रुटीने भागा, मगच आलेख काढा. आलेखाच्या शेपटीत, म्हणजे मोठ्या किमतींच्या टोकाला, काही दिसलं म्हणून हुरळू नका. बी-क्वार्कचे कण जवळपास अर्धा मिलिमीटर सीटाऊचे (सीटाऊ म्हणजे सरासरी आयुष्य गुणिले प्रकाशाचा वेग), त्यांचे मूऑन तिथे असणारच. वैश्विक किरणांचा एकच मूऑन आरपार गेला तर दोन मूऑन पाठीला पाठ लावून दिसतात; कोन 180 अंशांजवळ असेल तर जोडी गाळा. काही मीटर दूर फुटणारा कण मात्र या रकान्यात सापडायचा नाही, कारण आतल्या ट्रॅकरमध्ये त्या मूऑनचा मागच उमटत नाही. शिवाय या घटना टाऊसाठीच्या ट्रिगरने (कोणती टक्कर जपायची ते ठरवणाऱ्या चाळणीने) निवडलेल्या आहेत. पद्धत शिकायला उत्तम, नव्या कणाचा दावा करायला नाही.

डॉकरच्या (सगळं सॉफ्टवेअर एका तयार गठ्ठ्यात, म्हणजे इमेजमध्ये, देणाऱ्या साधनाच्या) फंदात पडू नका, त्याची इमेज कित्येक जीबींची. पायथनची अपरूट ही लायब्ररी पुरते; ती हवे तेवढेच रकाने वाचते. सगळी फाइल एकदम मेमरीत घेतली तर मशीन गोठतं, म्हणून तिचं 'इटरेट' वापरून 100-100 एमबीचे तुकडे घ्या. डाउनलोड मधेच तुटलं तर डब्ल्यूगेट (wget) या डाउनलोडच्या कमांडला 'मायनस सी' (-c) लावा, जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.