चिखलणी की एसआरटी? कोकणातल्या भातासाठी काय बरं

कोकणात भात म्हटलं की राब भाजा (रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळा), चिखलणी करा म्हणजे पाणी साचलेलं खाचर नांगरून चिखल करा, आवण म्हणजे रोपं उपटा आणि भर पावसात कंबर मोडेस्तोवर लावणी करा. दुसरीकडे रायगडमधल्या नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी उभी केलेली एसआरटी म्हणजे सगुणा राइस टेक्निक, त्यात गादीवाफे म्हणजे उंच वाफे एकदाच पाडायचे आणि मग दरवर्षी नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीपण नाही, लोखंडी साच्याने वाफ्यावर भोकं पाडायची, प्रत्येकात तीन-चार दाणे टाकायचे, झालं.

चिखलणीने पाणी खाचरात टिकतं, तण दबतं, हे खरंच आहे. पण मातीची घडण मोडते, खाली घट्ट थर बसतो आणि साचलेल्या पाण्यातून हवामान तापवणारा मिथेन वायू निघतो तो वेगळाच. एसआरटीत कापणीनंतर मुळं जमिनीतच कुजू देतात, त्या बारीक पोकळ्यांतून हवा-पाणी खाली जातं, गांडुळं परत येतात, आणि त्याच वाफ्यावर पुढे वाल, हरभरा घेता येतो. माझा कल इकडेच आहे.

एसआरटीत खटकतं ते एकच, तणासाठी ग्लायफोसेट हे रासायनिक तणनाशक. आणि इथेच धोरणाचा प्रश्न येतो बघा, माती फिरवून भुसभुशीत करणाऱ्या रोटाव्हेटर यंत्राला सरकारी अनुदान आहे, मग जो माती हलवतच नाही त्याला पहिल्या वर्षी वाफे पाडायला आणि हाताने तण काढायच्या मजुरीला मदत का नको? ग्रामसभेत ठराव करून कृषी खात्याकडे हे मागायलाच हवं.

खोलगट, पाणी तुंबणारं खाचर असेल तर मात्र सध्या चिखलणीच ठेवा, तिथे टोकलेलं बी कुजतं.