नलारबोरची रोडहाउसं: पेट्रोल महाग, खोली साधी, घड्याळ फसवं

पर्थहून ॲडलेड-मेलबर्नकडे गाडीने निघालं की पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यातलं नॉर्समन ते दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्यातलं सेडुना, हा नलारबोर प्रदेशातून जाणारा आयर हायवेचा साधारण १२०० किलोमीटरचा पट्टा ओलांडावाच लागतो. ऑस्ट्रेलियात नोकरी बदलून या टोकाहून त्या टोकाला जाणाऱ्या मराठी कुटुंबांत "सामान पाठवू, गाडी आपणच नेऊ" असा बेत अधूनमधून शिजतो, त्यांना हे उपयोगी पडेल. या पट्ट्यात गाव म्हणावं असं जवळजवळ काही नाही. आहेत ती रोडहाउसं: पंप, खानावळ, बार, मोटेलच्या खोल्या आणि कॅराव्हॅन लावायची जागा, एका ठिकाणचं सगळं एकाच मालकाचं. म्हणून हे परीक्षण रस्त्याचं कमी आणि रोडहाउसांचं जास्त.

निकाल आधीच सांगतो. इंधनाची सोय भरवशाची, राहायची कामचलाऊ, शाकाहारी जेवणाची बेताची. रस्ता १९७६ पासून पूर्ण डांबरी आहे, फोर-व्हील ड्राइव्हची गरज नाही, बरी स्थिती असलेली सेडान आरामात जाते. बेत फसतो तो वेळेवरून. अंधार पडायच्या आत पोचणं आणि किचन बंद व्हायच्या आत पोचणं ही इथे दोन वेगळी गणितं आहेत.

आधी इंधन. पश्चिमेकडून निघालात तर थांबे असे: नॉर्समनहून बॅलाडोनिया साधारण १९० किमी, तिथून कैगुना १८२, कॉकलबिडी ६५, मडुरा ९२, मंड्राबिला ११६, युक्ला ६६, बॉर्डर व्हिलेज १३. हे हद्दीला लागूनच, पण दक्षिण ऑस्ट्रेलियात आहे. पुढे नलारबोर रोडहाउस सुमारे १८५, नंड्रू १४५, पेनाँग ८० आणि शेवटी सेडुना ७३. म्हणजे दोन पंपांमधलं अंतर कुठेच २०० किमीच्या वर जात नाही. टपावर जेरीकॅन बांधून जायची हौस इथे फुकट आहे. फक्त एखादा पंप बंद निघू शकतो, वीज गेलेली असते किंवा टँकर यायचा असतो, हे धरून चाला. कुठलंही रोडहाउस सोडताना टाकीत पुढच्या दोन थांब्यांपुरतं इंधन हवं. नॉर्समन सोडताना हा हिशेब ३७५ किमीचा होतो, बॉर्डर व्हिलेज सोडताना ३३० चा.

भाव मधल्या टप्प्यात बराच चढतो. नॉर्समन आणि सेडुना ही त्यातल्या त्यात स्वस्त टोकं, म्हणून तिथे टाकी काठोकाठ भरायची आणि मध्ये लागेल तेवढंच घ्यायचं. लोक या भावावरून फार कुरकुरतात. पण या रोडहाउसांना सरकारी वीजवाहिनी नाही, नळाचं पाणी नाही. वीज स्वतःच्या यंत्रणेवर, बहुतेक ठिकाणी जनरेटरवर, आणि पाणी बोअरचं. पंपावरच्या आकड्यात हे सगळं धरलेलं असतं. कैगुनाला तर एक काळ इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग तळणीच्या वापरलेल्या तेलावरच्या जनरेटरवर व्हायचं. कार्ड चालतं, पण यंत्र बंद पडलं तर अडायला नको म्हणून एका टाकीपुरती रोकड जवळ ठेवा.

शंभर किलोमीटरला ७-८ लिटर खाणारी गाडी इथे १० लिटरवर गेली तर इंजिनाला दोष देऊ नका, वारा बघा. ताशी ११० च्या वेगात समोरून ताशी ३० चा वारा असेल तर गाडीच्या लेखी हवा १४० ने येते, आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे जवळपास ६० टक्के जास्त. अशा दिवशी ९५ वर आलात की फरक लगेच दिसतो. मागे कॅराव्हॅन असेल तर १६ ते २० लिटर धरूनच निघा.

आता घड्याळ. कैगुनाच्या पूर्वेपासून बॉर्डर व्हिलेजपर्यंत स्थानिक लोक स्वतःची वेळ पाळतात, पर्थच्या ४५ मिनिटं पुढे. तिला कायद्याची मान्यता नाही, पण रस्त्यावर पाट्या आहेत आणि रोडहाउसच्या भिंतीवरचं घड्याळ तीच दाखवतं. हद्द ओलांडली की हिवाळ्यात आणखी ४५ मिनिटं पुढे. ऑक्टोबर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत दक्षिण ऑस्ट्रेलियाची घड्याळं उन्हाळी वेळेवर असतात, तेव्हा थेट पावणेदोन तास. मडुराहून सकाळी ७ ला निघून १९५ किमीवरच्या हद्दीवर सव्वानऊला पोचलात, तर पलीकडे हिवाळ्यात १० आणि उन्हाळ्यात ११ वाजलेले असतात. फोनवर भरवसा ठेवू नका, तो कुठल्या टॉवरला चिकटला त्यावर वेळ ठरते.

याचा खरा फटका संध्याकाळी बसतो. डिसेंबरात नलारबोर रोडहाउसला सूर्य घड्याळात नऊच्या सुमारास मावळतो. बाहेर लख्ख ऊन, म्हणून समुद्राकाठच्या बुंडा कड्यांपाशी फोटो काढत रेंगाळलात तर पोचेपर्यंत किचन आवरलेलं असतं. पंप उघडा म्हणजे किचन उघडं असं नसतं. खोलीचं बुकिंग करताना तीन गोष्टी विचारून घ्या: जेवणाची शेवटची ऑर्डर किती वाजता, ती कुठल्या वेळेनुसार, आणि ऑफिस बंद झाल्यावर किल्ली कुठे मिळेल.

खोल्या दोन प्रकारच्या. मोटेलची खोली, म्हणजे आत न्हाणीघर, एसी, छोटा फ्रिज. आणि स्वस्तातली, कंटेनरसारखी खोली, तिला इथे डोंगा म्हणतात. संडास-बाथरूम बाहेर सामाईक. कुटुंब असेल तर पहिलीच घ्या. दोन्हींत भिंती पातळ. खोली जनरेटरच्या आणि ट्रक लावायच्या मैदानाच्या विरुद्ध बाजूची मागा. रात्री फळं-मांस वाहणारे रेफ्रिजरेटेड ट्रक मुक्कामाला थांबतात, त्यांची शीतयंत्रं रात्रभर थोड्या थोड्या वेळाने चालू-बंद होत राहतात. जनरेटरच्या एकसुरी घरघरीची कानाला सवय होते, या चालू-बंदीची होत नाही. खोल्या मोजक्याच आहेत आणि शाळांच्या सुट्ट्यांत भरून जातात, तेव्हा आधी फोन करा. अंघोळीचं पाणी बोअरचं, साबणाला फेस कमी येतो. पिण्याचं पाणी माणशी निदान १० लिटर गाडीत असू द्या, कॅराव्हॅनच्या टाक्या रोडहाउसवर भरून मिळत नाहीत.

मुक्कामासाठी आमची पसंती अशी: पहिल्या दिवशी नॉर्समन ते मडुरा, ५३० किमी. दुसऱ्या दिवशी मडुरा ते नलारबोर रोडहाउस, ३८० किमी. तिसऱ्या दिवशी सेडुना, ३०० च्या आत. दुसरा दिवस मुद्दाम आखूड, कारण घड्याळ वेळ खातं आणि बघण्यासारखंही तिथेच जास्त आहे. मडुरा खिंडीच्या पायथ्याशी आहे, वरून खालच्या सपाटीचा देखावा बघायला गाडी थांबवावी असा आहे. युक्लाला १८७७ च्या तारघराचे अवशेष वाळूच्या टेकड्यांत अर्धे गाडले गेलेत. बॅलाडोनियाला १९७९ मध्ये या भागात कोसळलेल्या स्कायलॅब या अमेरिकी अवकाशस्थानकाची आठवण जपणारं छोटं संग्रहालय आहे, चहा होईस्तोवर बघून होतं. बॅलाडोनिया आणि कैगुना यांच्यामध्ये १४६.६ किमीचा सरळसोट रस्ता लागतो, त्याचं कौतुक पाटीजवळच्या फोटोपुरतं पुरे. ज्या बिनझाडांच्या माळासाठी हा प्रदेश ओळखला जातो, तो हायवेवरून दिसतो फक्त नलारबोर रोडहाउसच्या आजूबाजूला, बाकी रस्ताभर झुडपं आणि खुरटी झाडं आहेत. तिथून पूर्वेला थोड्या अंतरावर हेड ऑफ बाइटचा फाटा. जून ते सप्टेंबर या काळात जात असाल तर तो चुकवू नका, सदर्न राइट देवमासे पिलांसह किनाऱ्याजवळ येतात. प्रवेशाला तिकीट आहे, ते वसूल होतं. बुंडा कड्यांवर मात्र ठरवून दिलेल्या जागीच उभं राहा. चुनखडीचा कडा खालून पोखरलेला असतो, वरून ते कळत नाही.

जेवण: बर्गर, स्टेक, चिकन, मासे आणि चिप्स. शाकाहाऱ्याच्या वाट्याला चीज-टोमॅटोचं टोस्टेड सँडविच आणि चिप्स, आणि चिप्स बहुधा मासे तळलेल्याच तेलात. चालत नसेल तर विचारून घ्या, सांगतात सरळ. कॉफी बरी, चहा म्हणजे गरम पाणी आणि पिशवी. धपाटे, दशम्या, चटणी, चिवडा आणि विजेची छोटी किटली सोबत असेल तर उपमा-पोह्यांची पाकिटं खोलीत होतात.

पण डबा भरताना जैवसुरक्षा तपासणी लक्षात ठेवा. पूर्वेकडे जाणाऱ्यांची तपासणी सेडुनाला होते, पश्चिमेकडे जाणाऱ्यांची बॉर्डर व्हिलेजला. कारण फळमाशी. पश्चिम ऑस्ट्रेलियात भूमध्यसागरी फळमाशी आहे, ती दक्षिण ऑस्ट्रेलियाला नको. पूर्वेकडची क्वीन्सलँड फळमाशी पश्चिमेला नको. लिंबं, हिरव्या मिरच्या, टोमॅटो संपवा किंवा आधीच टाकून द्या, न सांगता नेलंत तर दंड आहे. पश्चिमेकडे जाताना कोथिंबीर, कढीपत्ता, रोपं, बियाणं आणि मधही अडतं. शिजवलेल्या अन्नाला सहसा हरकत नसते. मसाल्याच्या डब्यात विसरलेली कढीपत्त्याची डहाळी हमखास सापडते.

गाडी चालवण्याबद्दल. सूर्य मावळल्यावर चालवू नका. कांगारू, वॉम्बॅट, उंट रस्त्यावर येतात, आणि बऱ्याच भाड्याच्या गाड्यांच्या करारात अशा भागात रात्री चालवायला बंदी असते किंवा जनावराच्या धडकेला विमा लागू नसतो. करारातलं ते पान निघण्याआधी वाचा. दिवसा धोका गरुडांचा. वेज-टेल्ड गरुड मेलेल्या कांगारूवर बसलेला असतो, पोट भरल्यावर त्याला पटकन उडता येत नाही, आणि तो वाऱ्याच्या दिशेला तोंड करून खालूनच उडतो, कधी थेट तुमच्या काचेकडे. कावळ्यांसारखा बाजूला होईल असं समजू नका. लांबूनच वेग ६०-७० वर आणा, हॉर्न द्या, तो हवेत गेल्यावरच पुढे जा.

रोड ट्रेन, म्हणजे एकामागे एक ट्रेलर ओढणारे ट्रक, ३६.५ मीटरपर्यंत लांब असतात. ती ताशी १०० ने आणि तुम्ही मर्यादेत, ११० ने जात असाल, तर पुढे-मागे सुरक्षित अंतर धरून ओव्हरटेकला सुमारे ३६ सेकंद लागतात, तेवढ्यात तुम्ही एक किलोमीटरहून जास्त पुढे गेलेले असता, आणि समोरूनही कोणी त्याच वेगाने येत असेल तर दोन किलोमीटरहून जास्त मोकळा रस्ता हवा. उन्हाच्या लाटांत समोरची गाडी आणि तिचं अंतर दोन्ही फसवतात. ट्रकचालक एकमेकांशी बोलायला वापरतात तो यूएचएफ रेडिओ असेल तर चॅनेल ४० वर चालकाला विचारा, बहुतेक जण नीट सांगतात. नसेल तर पुढच्या थांब्यापर्यंत मागे राहा, नुकसान दहा मिनिटांचं. समोरून येणाऱ्या रोड ट्रेनची हवा तुमच्या गाडीला आधी बाहेर ढकलते, मग आत ओढते. कॅराव्हॅनवाल्यांनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरावं.

एकट्या गाडीच्या अपघातांत नेहमीचं कारण साइडपट्टीची खडी. डावं चाक डांबराखाली उतरलं की घाबरून स्टिअरिंग उजवीकडे मारलं जातं, चाक एकदम डांबराची कड पकडतं आणि गाडी उलटते. ॲक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ ठेवा, ब्रेक दाबू नका, वेग उतरू द्या आणि मगच हळूच वर या.

टायरमध्ये हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासा. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण १ पीएसआयने वाढतो, त्यामुळे दुपारी जास्त दिसली म्हणून हवा सोडलीत तर पहाटे टायर मऊ पडतो, मऊ टायरच्या बाजू जास्त वाकतात, तापतात आणि फुटतात. स्टेपनी पूर्ण मापाची हवी. अरुंद, ताशी ८० ची मर्यादा असलेली तात्पुरती स्टेपनी शहरापुरती ठीक. नुसतं भोक बुजवायचं रसायन दिलेलं असेल तर बाजू फाटलेल्या टायरला ते निरुपयोगी आहे, आणि तुमच्या मापाचा टायर रोडहाउसवर असेलच असं नाही. चाकाच्या नटांना कुलूप असेल तर त्याचा अडॅप्टर गाडीत आहे का, ते पर्थमध्येच बघा.

मोबाइलची रेंज रोडहाउसच्या आसपास असते, मध्ये लांब पट्ट्यांत नसते, आणि जिथे असते तिथे टेल्स्ट्राची बरी. ऑफलाइन नकाशे आधी उतरवा. एकटे जात असाल तर उपग्रहावर चालणारा आपत्कालीन बीकन भाड्याने किंवा विकत घ्या. रस्त्यावर मध्येच पांढऱ्या जाड पट्ट्या दिसतील, ती फ्लाइंग डॉक्टरांच्या, म्हणजे विमानाने येणाऱ्या वैद्यकीय सेवेच्या, विमानाची धावपट्टी, तिथे गाडी उभी करायची नाही. निघायच्या दिवशी दोन्ही राज्यांची रस्त्यांची स्थिती तपासा. २०२० च्या जानेवारीत वणव्यांमुळे हा हायवे बरेच दिवस बंद होता आणि प्रवासी रोडहाउसांवर अडकून पडले होते, कारण जवळपास दुसरा डांबरी रस्ताच नाही. नवी नोकरी सोमवारी सुरू होत असेल तर शनिवारी सेडुनाला पोचायचा बेत करू नका, दोन दिवस हातचे ठेवा.

उलट्या दिशेने, म्हणजे सेडुनाहून पश्चिमेकडे जात असाल तर वेळ पदरात पडते, पण दुपारनंतर सूर्य सतत डोळ्यांवर असतो आणि किडे चिकटलेल्या काचेतून समोरचं जनावर दिसत नाही. प्रत्येक पंपावर काच धुवायची बादली असते. पेट्रोल घ्यायचं नसलं तरी काच धुवायला थांबा.