आठ महिने जुनं हॉलिवूड: बाबा, सबटायटल्स आणि मी

गेल्या दिवाळीत आम्ही मोठा टीव्ही घेतला आणि त्याच महिन्यात बाबांना कानाचं मशीन लागलं. या दोन खरेदींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं तेव्हा वाटलं नव्हतं. बाबा सत्याहत्तर वर्षांचे. मालिकांमधलं बोलणं त्यांना नीट ऐकू येत नाही, आणि ऐकू आलं तर आवडत नाही. म्हणून एका शनिवारी मी एक जुना इंग्रजी सिनेमा लावला आणि खाली इंग्रजी सबटायटल्स ठेवली. तेव्हापासून चार-पाच शनिवार सोडले (दोन लग्नं, एक मोतीबिंदू) तर दर शनिवारी रात्री साडेआठला आमच्याकडे जुनं हॉलिवूड असतं. एकोणतीस सिनेमे लावले, सव्वीस पूर्ण पाहिले. बहुतेक 1934 ते 1963 मधले. एवढ्या वापरानंतर काय टिकलं आणि काय नाही, ते लिहून ठेवते.

आधी बाबांबद्दल सांगायला हवं, कारण या रिव्ह्यूचा अर्धा भाग त्यांचा आहे. बाबा मराठी माध्यमात शिकले. कॉलेजात असताना कॅम्पात मॅटिनीला आणि कॉलेजच्या फिल्म क्लबात त्यांनी पुष्कळ इंग्रजी सिनेमे पाहिले. इंग्रजी त्यांना वाचता यायचं, पण कानाला कळायचं नाही, त्यात अमेरिकन उच्चार आणि फाटक्या आवाजाचा प्रोजेक्टर. तरी पुढे आमच्या लहानपणी, लाइट गेले की, ते या सिनेमांच्या गोष्टी आम्हाला रंगवून सांगायचे. त्यातल्या निम्म्या गोष्टी त्यांनी स्वतःच रचल्या होत्या, हे मला सबटायटल्समुळे आत्ता, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

सगळ्यात मोठा धक्का ‘कासाब्लँका’नं दिला. (शेवट सांगणार आहे. 1942 चा सिनेमा आहे, आता काय लपवायचं.) बाबांच्या गोष्टीत इन्ग्रिड बर्गमन एका क्रांतिकारकाची बहीण होती. दोघं भाऊ-बहीण जर्मनांपासून पळत असतात, हॉटेलवाला बोगार्ट तिच्या प्रेमात पडतो, आणि शेवटी काही कारण नसताना तिला विमानात बसवून भावाबरोबर पाठवून देतो. “हिरो मूर्ख. भाऊ एकटा गेला असता की!” हा त्यांचा पन्नास वर्षांचा निकाल होता. आता सिनेमात बाजारातला प्रसंग आला. ती बोगार्टला सांगते की तो क्रांतिकारक, लाझ्लो, माझा नवरा आहे, आणि पॅरिसमध्ये आपण भेटलो तेव्हाही होता. बाबांनी चष्मा काढून पुसला. “अगं, नवरा होय तो!” मग बराच वेळ काही बोलले नाहीत. सिनेमा संपल्यावर म्हणाले, “उगाच नावं ठेवली मी त्या माणसाला.”

पण गंमत अशी की याच सिनेमातला एक प्रसंग त्यांनी आम्हाला तंतोतंत सांगितला होता. कॅफेत जर्मन अधिकारी आपलं गाणं म्हणत असतात. लाझ्लो बँडला फ्रान्सचं राष्ट्रगीत वाजवायला लावतो आणि हळूहळू सगळी खोली उभी राहून गाऊ लागते. तिथे भाषा लागतच नाही. त्यात एका मुलीच्या डोळ्यांत पाणी येतं. ती मादलेन लबो, जी स्वतः 1940 मध्ये नवऱ्याबरोबर फ्रान्समधून पळाली होती. तो नवरा, मार्सेल दालिओ, याच सिनेमात जुगाराच्या टेबलाशी उभा आहे. जर्मन मेजर झालेला कॉनराड फाइट हिटलर आल्यावर जर्मनी सोडून गेलेला. वॉर्नरच्या स्टुडिओत उभ्या केलेल्या त्या खोट्या मोरोक्कोत (कासाब्लँका हे तिथलं शहर) खरे निर्वासित भरलेले होते. हे मी नंतर वाचलं. बाबांना ते न वाचता कळलं होतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एक कसोटी तयार झाली: भाषा न येणाऱ्या माणसाला यातलं काय बरोबर कळलं असतं? जितकं जास्त, तितका सिनेमा भारी. आता ती सगळ्यांनाच लावते.

थोडं तांत्रिक, कारण यात आमचे पहिले तीन शनिवार वाया गेले. 1953 च्या आसपास टीव्हीशी स्पर्धा म्हणून हॉलिवूडनं पडदा रुंद करायला घेतला. त्याआधीचे सिनेमे जवळजवळ चौकोनी असतात, त्यामुळे टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. तो बिघाड नाही. आमच्या चिरंजीवांनी “पूर्ण स्क्रीन वापरूया ना” म्हणून झूम केलं आणि अख्खा सिनेमा सगळ्यांचे भांग कापलेले पाहिले. दुसरं, टीव्हीच्या सेटिंगमध्ये हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय असतो. प्रत्येक कंपनी त्याला वेगळं नाव देते, पण तो असतोच. तो आधी बंद करा, नाहीतर बोगार्टसुद्धा मालिकेतला जावई वाटतो. तिसरं, कृष्णधवल सिनेमांच्या नंतर रंगवलेल्या प्रती टाळा. एका ॲपवर मला नकळत तशी प्रत लागली, सगळ्यांचे चेहरे एकाच जर्दाळू रंगाचे. त्याच ॲपवरून अर्धवट राहिलेला एक सिनेमा दुसऱ्या आठवड्यात गायब झाला, पैसे भरलेले असताना. तक्रारीला अजून उत्तर नाही.

फुकटात पाहायचं तर ‘हिज गर्ल फ्रायडे’ (1940) आणि ‘शराड’ (1963) यांचा कॉपीराइट अमेरिकेत राहिलेला नाही, त्यामुळे ते नेटवर उघड मिळतात. पण उघड मिळणाऱ्या प्रती बऱ्याचदा धुरकट असतात. आणि ‘हिज गर्ल फ्रायडे’ची पात्रं एकमेकांच्या वाक्यावर वाक्य चढवून इतकी भराभर बोलतात की सबटायटल्स धावतात. विसाव्या मिनिटाला बाबा म्हणाले, “मी वाचू की बघू?” बंद केला. नंतर मी एकटीनं पाहिला आणि एकटीच हसले. बाबा-कसोटीत सपशेल नापास, तरी मला आवडला. म्हणजे कसोटीही काही अचूक नाही.

आता या आठ महिन्यांतला माझा सगळ्यात लाडका सिनेमा: बिली वाइल्डरचा ‘द अपार्टमेंट’, 1960. न्यूयॉर्कच्या एका विमा कंपनीत जॅक लेमन कारकून आहे. आपल्या फ्लॅटची किल्ली तो साहेबांना संध्याकाळपुरती देतो, साहेब तिथे कुणाकुणाला घेऊन येतात, आणि बदल्यात याला बढती मिळत जाते. हा रस्त्यावर थंडीत कुडकुडत थांबतो. विषय एवढा अवघड, पण सिनेमाभर एकही प्रसंग असा नाही की म्हाताऱ्या वडिलांशेजारी बसून अवघडावं. 1934 पासून हॉलिवूडमध्ये नीतिनियमांची एक संहिता काटेकोरपणे लावली जायची, तिला हेज कोड म्हणत. नवरा-बायकोलासुद्धा दोन वेगळे पलंग, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे, असं बरंच काही. साठच्या सुमाराला ती सैल पडत होती, पण 1968 पर्यंत होती. तिचं समर्थन मी करणार नाही, भंपकपणा पुष्कळ होता. पण वापरणाऱ्याच्या दृष्टीनं सांगायचं तर रिमोट हातात धरून बसावं लागत नाही. आणि सरळ सांगता येत नाही म्हटल्यावर दिग्दर्शकांना वस्तूंकडून बोलून घ्यावं लागायचं.

‘द अपार्टमेंट’मध्ये तो आरसा आहे. लेमनला आपल्या फ्लॅटवर कुणा बाईची विसरलेली पावडरची डबी सापडते, तिचा आरसा तडकलेला. तो ती साहेबांना परत देतो. पुढे ऑफिसातल्या नाताळच्या पार्टीत त्याला मनापासून आवडणारी लिफ्टवाली मुलगी, शर्ली मॅक्लेन, त्याला टोपी कशी दिसते ते बघायला आरसा देते. तोच आरसा. तडा त्याच्या चेहऱ्यावरून जातो. संवाद दोन-चार शब्दांचा. बाबा पुढे वाकून बसले होते, त्या वेळी ते सबटायटल वाचत नव्हते, हे मी पाहिलं.

त्यातलं ऑफिस म्हणजे रांगांमागून रांगा टेबलं, नजर पोचत नाही इतकी. ती खरी तेवढी लांब नाहीत. मागे जाईल तशी टेबलं लहान होत गेलीत आणि शेवटी लहान चणीची माणसं बसवलीत. ‘कासाब्लँका’च्या शेवटी धुक्यात उभं असलेलं विमानही असंच, छोटं आणि सपाट, आणि भोवतीचे मेकॅनिक लहान चणीचे. हे सांगितल्यावर मुलगा हा शेवट तीनदा मागे घेऊन बघत बसला. त्याला या सगळ्या प्रकरणात रस वाटला तो तिथून.

‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (1957) त्याच्याच आग्रहानं लावला. 96 मिनिटं, त्यातला बहुतेक वेळ एकच खोली, आणि खुनाच्या खटल्यात आरोपी दोषी की निर्दोष ते ठरवायला बसलेले ज्युरीतले बारा घामेजलेले पुरुष, साधे नागरिक. सिडनी ल्यूमेटचा हा पहिला सिनेमा. त्यानं कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, भिंगं लांब पल्ल्याची करत गेला, त्यामुळे भिंती जवळ येताहेत असं वाटायला लागतं. आम्ही खरंच पंखा वाढवला. मुलानं विचारलं, आपल्याकडे ज्युरी असते का? मग बाबांनी नानावटी खटला सांगितला: 1959, मुंबई, खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ज्युरीनं 8 विरुद्ध 1 मतांनी निर्दोष ठरवलं आणि न्यायाधीशांनी ते न मानता प्रकरण हायकोर्टात पाठवलं. ही गोष्ट मात्र त्यांनी पेपरातून वाचलेली, त्यामुळे बरोबर होती. सिनेमा थांबवून पाऊण तास खटलाच चालला.

‘रिअर विंडो’ (1954) घरात सर्वांना आवडलेला एकमेव. पाय प्लॅस्टरमध्ये अडकलेला फोटोग्राफर समोरच्या घरांत बघत बसतो. हिचकॉकनं सगळं अंगण स्टुडिओत बांधलं. बाबा वाड्यात वाढलेले. त्यांचं म्हणणं, एवढ्यासाठी दुर्बीण कशाला लागते.

‘सिंगिंग इन द रेन’ (1952) पाहताना मात्र आमची पंचाईत झाली. मूकपटाचे बोलपट होतात, नटीचा आवाज कर्कश, म्हणून दुसरी मुलगी पडद्यामागून तिच्यासाठी बोलते आणि गाते. शेवटी पडदा उघडून हे ‘पाप’ सगळ्यांसमोर आणलं जातं. आमच्या घरात कुणालाच त्यात धक्कादायक काही वाटेना. आपण तर प्लेबॅकवर जगलो, पडद्यामागून गाणारी बाई आपल्याकडे नटीपेक्षा मोठी! त्याहून गंमत म्हणजे पडद्यामागून गाणाऱ्या मुलीच्या भूमिकेत जी डेबी रेनल्ड्स आहे, तिचंच काही गाणं प्रत्यक्षात दुसरीनं म्हटलेलं आहे. नाच मात्र अव्वल. डोनाल्ड ओकॉनर भिंतीवर चढून उलटी उडी मारतो, तिथे कसोटी वगैरे विसरा.

‘सम लाइक इट हॉट’ (1959) पाहताना सारखं ‘अशी ही बनवाबनवी’ आठवतं, फक्त इथे पुरुष बायका होतात ते घरासाठी नाही, गुंडांपासून जीव वाचवायला. आमच्या घरचा निकाल बनवाबनवीच्या बाजूनं लागला. मी विरोधात मत दिलं, पण एकटी पडले.

आता न जमलेले. ‘सिटिझन केन’ (1941) मी दोन बैठकांत पाहिला. जवळचं आणि लांबचं एकाच वेळी स्वच्छ दिसणं, सेटला छतं असणं, पंचविशीतल्या दिग्दर्शक-नायक ऑर्सन वेल्सची हिंमत, सगळं मान्य. थोर आहे, पण त्यातल्या केनची मला काळजी वाटली नाही, आणि बाबा झोपले. जुन्या हॉलिवूडची सुरुवात याच्यापासून करू नका, लोक इथूनच परत जातात. ‘गॉन विथ द विंड’ (1939) आम्ही मध्यंतरापर्यंत पाहून सोडला. जवळपास चार तास, ते एक. पण खरं कारण वेगळं: गुलामगिरीचा काळ किती गोड होता हे इतक्या सुंदर रंगांत सांगितलेलं पचेना. मॅमी, म्हणजे घरातली गुलाम दाई, झालेल्या हॅटी मॅक्डॅनियलला त्यासाठी ऑस्कर मिळालं, ते मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती, आणि त्या समारंभात तिला बाकीच्या कलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलावर बसवलं होतं. हे माहीत झाल्यावर तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाकडे बघवेना.

खर्चाचं विचाराल तर महिन्याला एका ॲपचे पैसे, अधूनमधून भाड्यानं एखादा सिनेमा, आणि शेंगदाणे. सबटायटल्सचा आकार सेटिंगमधून एक पायरी मोठा करा, मागे काळी पट्टी ठेवा, पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत. बाबा हल्ली मशीन काढूनच बसतात. म्हणतात, आवाजानं वाचण्यात व्यत्यय येतो.

या शनिवारी ‘हाय नून’ आहे, 1952 चा. बाबांनी तो कॉलेजात असताना पाहिलाय. मी मुद्दाम आधीच गोष्ट विचारून ठेवली. म्हणाले, “त्यात काही नाही गं. एका माणसाची आगगाडी चुकलेली असते, म्हणून सगळे सारखे घड्याळाकडे बघत असतात.”